डाव्या पेडलचा आवाज

भोयर गिरदावर ऑफिसात येतायत हे आम्हाला दिसायच्या आधी ऐकू यायचं. जैनथच्या मंडल ऑफिसमागच्या गल्लीत त्यांची काळी, उंच सायकल वळली की 'टक' असा एक आवाज, मग जरा शांतता, मग पुन्हा 'टक'. डावं पेडल खाली गेलं की एकदा. तेवढ्या आवाजावर आमचा अटेंडर पोशन्ना चहा सांगायला उठायचा, आणि व्हरांड्यात तक्रारी घेऊन बसलेले लोक टोप्या नीट करायचे.

गिरदावर हा निजामाच्या काळचा शब्द. पटवाऱ्याच्या वरचा आणि तहसीलदाराच्या खालचा माणूस. शेताची मोजणी, पिकांची पाहणी, धुऱ्यावरून झालेली भांडणं, सगळ्यांची जागेवर जाऊन चौकशी करायची ती यानं. पाट्यांवर आता दुसरी नावं आली आहेत, पण पैनगंगेकाठच्या गावांत माणसं अजून गिरदावरच म्हणतात. आणि भोयर निवृत्त झाल्यावरही त्यांना कुणी दुसऱ्या नावानं हाक मारल्याचं मी ऐकलं नाही.

मी त्याच ऑफिसात सीनियर असिस्टंट होते. मला फायली रंगानुसार लागतात, पेन जागेवर लागतं आणि सकाळी दिवसभराच्या कामांची यादी लागते. भोयरांना यातलं काही लागत नसे. त्यांच्या शर्टाच्या एकाच खिशात मोजपट्टी, खडू आणि भाजलेले हरभरे सुखानं नांदत. कुठल्याही कागदावर त्यांनी हात ठेवला की तो पिवळसर व्हायचा. कारण जेवणाआधी हात धुणारे ते, जेवणानंतर मात्र पँटला पुसत. माझ्या टेबलाजवळ आले की मी फायली दुसऱ्या बाजूला सरकवायची. ते हसून म्हणायचे, "म्याडम, कागद बाजूला ठेवला ते बेस केलं. आता मौका पाहू."

मौका म्हणजे प्रत्यक्ष जागा. मौका पाहिल्याशिवाय ते कशावरच बोलत नसत. कुणी म्हणालं, गोडे पाटलांच्या घरी मुलीचं लग्न ठरलं, तर हे विचारणार, "तुमी पाह्यलं का?" पोशन्ना म्हणाला, हॉटेलात आज भजी चांगली आहेत, की हे उठून हॉटेलात जाणार. मौक्याशिवाय भज्यांवरही त्यांनी कधी मत दिलं नाही.

त्यांची खरी ख्याती होती ती 'बाजू बदला' या दोन शब्दांची. एकदा मी त्यांच्याबरोबर नदीकाठच्या एका गावी गेले होते. दोन चुलतभावांत धुऱ्यावरून भांडण. धुरा म्हणजे दोन वावरांमधला मातीचा बांध. दोघांकडे कागद होते, दोघांकडे साक्षीदार होते, दोघांचे आवाज चढलेले. भोयरांनी कागद न उघडता मला धरायला दिले. एका भावाला धुऱ्याच्या अलीकडून चालायला लावलं, दुसऱ्याला पलीकडून, आणि स्वतः बांधावरून निघाले. दोघंही चालता चालता एकमेकांना शिव्या देत होते. अर्ध्या वाटेवर हे थांबले.

"आता बाजू बदला."

"काऊन?" मोठा म्हणाला.

"मी म्हन्तो म्हनून. तू त्याच्या वावरात जाय, तो तुह्या वावरात येईन."

दोघं अनिच्छेनं बांध ओलांडून गेले आणि चालू लागले. थोड्या वेळानं मोठ्याचा आवाज बंद झाला. भोयर पुढंच बघत म्हणाले, "काय झालं? बोल ना. मघापासून लय बोलून राह्यला होता."

मोठा पराटीकडे, म्हणजे कपाशीच्या झाडांकडे, पाहत होता. ती त्याचीच पराटी होती, फक्त आता तो दुसऱ्या अंगानं पाहत होता. "माह्याच दोन ओळी इकडं आल्या वाटते," तो म्हणाला.

"वाटते का दिसते?"

"दिसते."

झालं. मी कागद न उघडताच परत दिले. परतताना मी म्हटलं, हे तुमच्या खात्याच्या कुठल्या नियमात बसतं? म्हणाले, "नियमात नाई बसत. पन मानसं बसतात."

ही युक्ती ते सगळीकडे वापरत. पंख्याखाली कोण बसणार यावरून ऑफिसात वाद झाला की वादी-प्रतिवादींना खुर्च्या बदलायला लावत. घरी सुनेचं आणि बायकोचं चहाच्या साखरेवरून वाजलं, तर सासूला सुनेच्या कपातला आणि सुनेला सासूच्या कपातला चहा पाजला म्हणे. त्यांच्या पत्नी पुढे वारल्या. सून मुलाबरोबर हैदराबादला गेली. आता ते एकटे माझ्या गल्लीत राहत. पण सकाळी उठून सायकल काढायची आणि नदीच्या रस्त्यानं एक चक्कर मारून यायची, हे निवृत्तीनंतरही चुकलं नाही. माझ्या घड्याळात गजर होता, पण मी उठायची त्या 'टक'वर.

तो आवाज बराच जुना होता. तरुणपणी भाऊबीजेला बहिणीकडे जाताना एका नाल्यात सायकल आदळली, तेव्हापासून डाव्या पेडलच्या आतला आस किंचित हललेला. कितीदा दुरुस्त केलं, आवाज गेला नाही. पुढे त्यांनी दुरुस्ती सोडून दिली, कारण त्या आवाजाला एक काम मिळालं होतं.

त्यांची मोठी बहीण नदीपलीकडे, महाराष्ट्राच्या हद्दीत दिलेली. हे तिला 'बाई' म्हणत. आमच्याकडे थोरल्या बहिणीला असंच म्हणतात. दर भाऊबीजेला हे सायकलनं पूल ओलांडून तिच्याकडे जात. बाईंचं घर गावाच्या तोंडाशी आणि स्वयंपाकघराची खिडकी रस्त्यावर. त्या सकाळपासून उडदाचं वाटण तयार ठेवून, तेल तापवून बसत. रस्त्यावरून 'टक' ऐकू आला की पहिला वडा तेलात सोडत. भाऊ अंगणात सायकल लावून, पाय धुऊन, पाटावर बसेपर्यंत वडे ताटात. बाईंना दुसऱ्या कुठल्या रीतीनं भावाला जेवू घालता येत असेल असं भोयरांना वाटत नव्हतं, आणि बाईंना तर नव्हतंच.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास त्यांचा उजवा पाय बिघडला. मी स्कूटीवरून ऑफिसला जाताना पाहिलं, तर सोयाबीनच्या वावराकडेला सायकल आडवी आणि हे बूट काढून पंजा ओल्या गवतावर ठेवून बसलेले.

"काय झालं?"

"पायात इस्तव ठेवल्यावानी होऊन राह्यलं, म्याडम. चालतानी काई नाई. सायकलवर बसलो अन् जरासक गेलो की पंज्याखाली जळते. मंग बोटं मुकी होतात."

त्या वर्षी भाऊबीजेला मुलगा हैदराबादहून आला होता. त्यानं वडिलांना कारमध्ये घातलं आणि नेलं. सायकलच्या वेळेच्या बऱ्याच आधी कार बाईंच्या दारात उभी राहिली, तेव्हा चुलीवर तेलच नव्हतं. बाई दारात येऊन कारकडे पाहत म्हणाल्या, "कारनं आला? मंग आता कोनाले ओवाळू, तुले का कारले?" वडे झाले, पण उशिरा झाले, आणि बाई दिवसभर फणकारत राहिल्या. निघताना त्यांनी भावाला पुढच्या वर्षीची अटही ऐकवली: "आवाज आला तर वडा तेलात पडन. नाई तर मुरमुरे खाय."

लोकांना ही थट्टा वाटली. भोयरांना वाटली नाही. मला ते एवढंच म्हणाले, "बाई आता थकली. किती वर्षं तेल तापवन ते? तिचा हात चालून राह्यला तवरक माह्या पायानं चालाव." मी त्यांना ओळखत होते. तो अर्ज दाखल झाला होता आणि पुढच्या भाऊबीजेपूर्वी त्याचा निकाल लागायला हवा होता.

पहिला उपाय मुलानं केला. कुरिअरनं एक खोकं आलं. त्यात खास सायकलचे बूट आणि त्यांच्यासोबतची छोटी पेडलं. बुटाच्या तळाला एक खुंटी. ती पेडलातल्या खाचेत कट्टकन बसते आणि पाय पेडलाला धरून राहतो. सोडवायचा तर टाच बाहेरच्या बाजूला वळवायची. मुलानं व्हिडिओ कॉलवर तीनदा समजावलं. भोयरांनी जुनी पेडलं काढून ठेवली, नवी बसवून घेतली, घराभोवती दोन चकरा मारल्या आणि मौका पाहायला थेट ऑफिसवर आले.

आम्ही बाहेर चहा पीत होतो. ते गेटजवळ आले, थांबले. नेहमीप्रमाणे एक पाय जमिनीवर टेकायला गेले. पाय आलाच नाही. दुसऱ्यानं प्रयत्न केला, तोही आला नाही. मग काहीही न करता, चेहऱ्यावर काहीही न आणता, पावसात जुनी भिंत बसते तसे ते सावकाश डाव्या अंगावर पडले. पोशन्ना कप टाकून धावला. सायकलसकट जमिनीवर आडवे असताना, पाय अजून अडकलेलेच, ते म्हणाले, "पोशन्ना, पंचनामा होईपर्यंत मले हलवू नको."

ढोपर सोललं होतं, बाकी काही नाही. ते बूट त्यांनी धुऊन खोक्यात ठेवले. मुलाला फोनवर सांगितलं, "बाबू, जमीन आपली असावी, पन तिनं मालकाले बांधून ठेवू नये." जुनी पेडलं पुन्हा बसली. ती खुंटीची पेडलं लावून लांब लांब जाणारी पोरं आदिलाबादला आहेत, त्यांना ती फार मानवतात. यांच्या पायाला, यांच्या वयाला आणि गावोगाव उतरून गप्पा मारायच्या यांच्या सवयीला ती मानवली नाहीत, एवढंच.

मी त्यांना डॉक्टरकडे जायला लावलं. जळजळ, मुकी बोटं, ही मधुमेहाचीही लक्षणं असतात, म्हणून ती तपासणी आधी. माझ्या यादीत तो पहिला मुद्दा होता आणि मी स्वतः त्यांना घेऊन गेले. साखर बरोबर निघाली. डॉक्टरांनी पंजा दोन्ही बाजूंनी दाबून पाहिला, त्यांचे पातळ तळाचे, टोकाला निमुळते बूट पाहिले आणि सांगितलं, पंज्याच्या गादीवर आणि बोटांमधल्या नसांवर दाब येतोय. बूट रुंद घ्या, तळ कडक घ्या, पेडल मोठं घ्या, आणि पाय थोडा पुढे सरकवून पेडल मारा. दाब सगळा बोटांच्या मुळाशी नको.

इतकं स्वच्छ उत्तर मिळाल्यावर मी असते तर संध्याकाळपर्यंत तिन्ही वस्तू आणल्या असत्या. पण भोयर गिरदावर होते. डॉक्टर म्हणाले म्हणून काय झालं, पेडलाची बाजू कुठं ऐकली होती?

"गौर करा, म्याडम," ते मला म्हणाले. "पाय म्हन्ते पेडल खराब. पेडल म्हनन पाय खराब. डावा पाय त्याच सायकलवर चूप हाय. मंग दोषी कोन?"

"डॉक्टरांनी सांगितलं ना."

"त्यायनं पाय पाह्यला. सायकल कुठं पाह्यली?"

आणि रविवारी सकाळी त्यांनी स्वतः पाना घेतला. उजवं पेडल काढलं, डावं काढलं, आणि बाजू बदलायला घेतली. उजवं पेडल डावीकडे, डावं उजवीकडे. जळजळ पेडलाबरोबर गेली तर दोषी पेडल. पायाबरोबर राहिली तर दोषी पाय. तपास म्हणून यात काही खोट नव्हती. खोट एवढीच की सायकलीचं डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं. उजवं घड्याळाच्या काट्याप्रमाणे आवळतं, डावं काट्याच्या उलट. बाजू बदलली की दोन्हीही बसत नाहीत. जगात इतकी माणसं सायकली दुरुस्त करतात, पण पेडलांची बाजू बदलून त्यांची जबानी घ्यावी असं कुणाच्या डोक्यात येत नाही. ज्याच्या डोक्यात तीस-पस्तीस वर्षं तेच होतं त्याच्याच आलं.

पेडल आत जाईना तेव्हा त्यांना वाटलं, हे हरकत घेतंय. त्यांनी पान्यावर पाय ठेवून जोर लावला. मी त्यांच्या गेटवर पोचले तेव्हा उजव्या पेडलाच्या आट्या लोखंडाच्या भुशासारख्या फरशीवर सांडल्या होत्या आणि ते उकिडवे बसून त्यांच्याकडे पाहत होते.

"काय निकाल लागला?" मी विचारलं.

"साक्षीदारच मेला," ते म्हणाले.

मेकॅनिकनं चौकातल्या दुकानात सायकल उभी करून दांडा साफ केला. डावं पेडल वाचलं होतं. उजवं कायमचं गेलं. "साब, आता जोडीच घ्या," तो म्हणाला. त्यांनी रुंद, चपटी, वर बारीक दाणे असलेली पेडलं घेतली, पूर्ण पंजा मावेल अशी. वाचलेलं डावं पेडल मात्र कागदात गुंडाळून घरी आणलं. मला ते अडगळ वाटलं. मी मनात त्याला भंगारच्या रकान्यात टाकून मोकळी झाले.

मग बुटांची पाळी. ते सकाळी खुर्चीवर बसून कागदावर पायाची आकृती काढत होते, आणि मी म्हटलं, हे चूक आहे. बसलेला पाय आणि उभा पाय वेगळा, सकाळचा पाय आणि संध्याकाळचा वेगळा. उभे राहून काढा, तेही चक्कर मारून आल्यावर. मी वाचून काढलेल्या सहा-सात सूचना त्यांना लिहून दिल्या. त्यांनी हुकूम वाचावा तसा तो कागद वाचला. संध्याकाळचा मुद्दा आला तेव्हा त्यांनी मान वर केली.

"हे तर मले समजाव लागत होतं," ते म्हणाले. "नदीकाठचं वावर उन्हाळ्यात मोजून कोनी कागद करत नाई. भादव्यात नदी किती घेते ते पाहाव लागते."

त्या दिवशी संध्याकाळी ते सायकलनं आदिलाबादला गेले. मी आणि माझा नवरा भाजीसाठी बाजारात गेलोच होतो, दुकानात भेटलो. दुकानदार दमला होता. "साब, सुबह आ जाते, आराम से दिखाता," तो म्हणाला. भोयर म्हणाले, "सुबह का पाँव झूठ बोलता है, सेठ. अब पूछो उसको." आणि घामेजलेला, फुगलेला उजवा पंजा त्यांनी त्याच्यासमोर ठेवला.

प्रत्येक बुटाचं आतलं अस्तर बाहेर काढून ते जमिनीवर ठेवत आणि त्यावर उभे राहत. बोटं दोन्ही बाजूंनी बाहेर आली की म्हणत, "अतिक्रमण. पुढचा दाखवा." बूट हातात घेऊन मधोमध वाकवून पाहत. पोळीसारखा दुमडला की परत. पेडलाच्या कडेवर असा तळ वाकतो आणि मग सगळा भार तेवढ्याच जागेवर येतो, हे त्यांनी दुकानदाराला समजावलं, दुकानदाराच्या मुनीमाला समजावलं आणि शेजारी चप्पल घ्यायला आलेल्या एका बाईंनाही समजावलं. उजवा पंजा डाव्यापेक्षा रुंद निघाला. म्हणजे डावा चूप का होता तेही कळलं. मोठ्या पायाच्या मापानं बूट घेतले, डाव्यात एक जाड मोजा वाढवला. दिसायला ते बूट बदकाच्या पायांसारखे होते. भोयर त्यांच्याकडे फार समाधानानं पाहत होते.

आणि पायाची तक्रार थांबली. एकदम नाही, आधी जळजळ उशिरा यायला लागली, मग रोज येईना, मग यायचीच बंद झाली. अर्ध्या वाटेवर उतरून उजव्या बुटाची पुढची नाडी सैल करायची, एवढा एक नेम ठेवला. सकाळच्या चकरा पूर्वीसारख्या लांब झाल्या. फक्त मी दोनदा उशिरा उठले. कारण गल्लीतून सायकल जात होती, पण आवाज येत नव्हता.

दिवाळीच्या आठवडाभर आधी ते माझ्या फाटकाशी आले. चेहरा उतरलेला.

"पाय दुखला का?"

"पाय बेस हाय. पन बाईले समजन कसं?"

मला वेळ लागला. मग कळलं, नव्या पेडलांना 'टक' नव्हता. "पुलावरून फोन करा," मी म्हटलं.

"फोन केला तर ते फोनवरच बोलत बसन. वडे जळतीन."

"घंटी वाजवा."

"घंटी त दूधवाला बी वाजवते."

ते सायकलच्या सीटवर हात ठेवून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "मी आतापर्यंत पायाच्याच बाजूनं पाहून राह्यलो, म्याडम. बाईच्या बाजूनं पाह्यलंच नाई."

दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर सायकलला उजवीकडे नवं, रुंद, चपटं पेडल आणि डावीकडे ते जुनं, अरुंद, रबर झिजलेलं. कागदातून बाहेर आलेलं. माझ्या डोळ्याला तो प्रकार सोसवत नव्हता. एका पायात बूट आणि एका पायात खडाव घातल्यासारखी ती सायकल दिसत होती. मी म्हटलं, दोन तऱ्हेची पेडलं? "उजव्याची तक्रार होती, त्याले न्याय भेटला," ते म्हणाले. "डाव्याची तक्रारच नोती. त्याले काऊन हलवाव?" आणि माझ्यासमोर गल्लीत एक चक्कर मारून दाखवली. टक. टक. पोशन्ना असता तर चहा सांगायला गेला असता.

भाऊबीजेला मी दरवर्षी पांढरकवड्याला भावाकडे जाते. त्याचं दुकान त्या दिवशी बंद ठेवता येत नाही म्हणून मीच जाते. वाटेत बाईंचं गाव लागतं. भोयरांनी बाईंसाठी घेतलेलं पातळ माझ्याकडे दिलं होतं. "सायकलवर चुरगळन. तुमी देऊन द्या, मी मांगून येतोच." मी आणि नवरा स्कूटीवर निघालो. पुलावर ते दिसले. सायकल कठड्याला टेकलेली, हे शेजारी उभे, उजवा बूट हातात. मी स्कूटी हळू करायला सांगितली. त्यांनी हातानंच खूण केली, पुढे जा, पुढे जा. मागे वळून पाहिलं तर ते अजून बुटातच डोकावत होते.

बाईंचं स्वयंपाकघर चुलीच्या धुरानं गरम झालं होतं. बाई लहानखुऱ्या, वाकलेल्या, पण डोळे भोयरांसारखेच चौकशीखोर. पातळ मांडीवर ठेवून त्यांनी मला बसायला पाट दिला. कढईतलं तेल तापलं होतं. ओल्या फडक्यावर वड्याचा पहिला गोळा थापून, मधे भोक पाडून ठेवलेला.

"एखादा तळून पाहा ना, आजी," माझा नवरा म्हणाला. त्याला भूक लागली होती.

"कोनासाठी? आवाज आला का?" बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "कुठसा दिसला तुले?"

"पुलावर."

"बसलेला का उभा?"

"उभे होते."

"बूट पायात का हातात?"

खोटं बोलायचं माझ्या तोंडाशी आलं होतं. "हातात," मी म्हटलं.

बाई खिडकीकडे वळल्या. खिडकीतून रस्ता दिसत होता. एक ट्रॅक्टर गेला. दूधवाला घंटी वाजवत गेला. तेलातून धूर यायला लागला तसं बाईंनी चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं. मी त्या पुलाचा आणि त्या बुटाचा विचार करत होते. डॉक्टर, दुकान, पेडलं, नाडी, सगळं केलं होतं. माझ्या यादीत काही राहिलं नव्हतं. तेल निवू लागलं. बाईंनी लाकूड पुन्हा आत सारलं. मग थोड्या वेळानं पुन्हा ओढलं. शेवटी त्या कढई उतरवायला फडकं शोधू लागल्या.

आणि लांबून, कडुलिंबाच्या पलीकडून, आला. एकदा. मग जरा शांतता. मग पुन्हा.

बाईंनी फडकं खाली ठेवलं, वडा उचलला आणि तेलात सोडला. तेल एवढ्या जोरात चर्रर्र झालं की पुढचे दोन-तीन 'टक' ऐकूच आले नाहीत.

भोयर अंगणात उतरले. मी दारात गेले. "पायाला काय झालं?"

"काय होनार?" ते म्हणाले. "अर्ध्या वाटेवर नाडी सैल करायची म्हनून तुमीच लिहून देलं ना? केली." मग आत पाहून हाक मारली, "बाई, ठेव वं तेल!"

"कवाचं ठेवलं," आतून बाई म्हणाल्या. "अन् ते सायकल अशी काऊन दिसून राह्यली? एक पाय नवा, एक जुना?"

"उजवा माह्यासाठी हाय. डावा तुह्यासाठी."

"बाता नको करू. पाय धू."

आम्हाला पुढे जायचं होतं, म्हणून आम्ही उभ्यानंच एकेक वडा खाल्ला. त्यानंतर महिन्याभरात माझी इंद्रवेल्लीला बदली झाली. आता मी गजरावर उठते. भोयर मला आठवतात ते तसेच, स्कूटी वळताना पाहिलेले: पाटावर बसलेले, डोक्यावर रुमाल, बाई ओवाळतायत, आणि पाटाच्या बाहेर लांब पसरलेल्या उजव्या पायाची बोटं ते एकेक करून हलवून पाहतायत. सगळी हलत होती.